सेंट ओरेलची तळटीप

५ मे, सोमवार

महासभेच्या पूर्वतयारीस आज विधिवत् प्रारंभ झाला. म्हणजे मी टेबलाचा खण उघडून माझे गेल्या वर्षीचे वाक्य बाहेर काढले व त्यावरची धूळ झटकली.

भावी इतिहासकारांच्या सोयीसाठी नमूद करतो की, सेंट ओरेल या आमच्या बेटाच्या परराष्ट्र मंत्रालयात मंत्रीबाईंसह सहा माणसे व एक मांजर असून, करार व शब्दयोजना हा विभाग मी, इग्नेशियस हिपोलीत, वय वर्षे छप्पन्न, अविवाहित, एकहाती सांभाळतो. गोलार्धातील सर्व देशांची महासभा दरवर्षी जूनमध्ये भरते. समलिंगी व पारलिंगी जनांच्या हक्कांचा एक ठराव तीत दरवर्षी येतो. मोठ्या देशांना तो हवा असतो, आमच्या चर्चना तो नको असतो, आणि आम्हांस मोठे देश व चर्च दोन्ही हवे असतात. या त्रांगड्यावर मुत्सद्द्यांनी शोधलेला तोडगा म्हणजे तळटीप. ठराव अडवायचा नाही, मान्यही करायचा नाही; पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत आपले दुमत नोंदवायचे व जेवायला जायचे.

माझी तळटीप अशी: ‘सेंट ओरेलचे शासन आपल्या समस्त नागरिकांच्या निर्बाध, निरामय व निर्भय सहजीवनाची ग्वाही देते, येथे कोणाही व्यक्तीस तिच्या जीवनप्रणालीकारणे उपद्रव पोहोचल्याचे उदाहरण नाही, तस्मात् प्रस्तुत ठरावातील संज्ञा आमच्या विधिव्यवस्थेस अनावश्यक होत.’

शेजारची तीन बेटे दरवर्षी ‘आम्हीही यात सहभागी’ म्हणून हीच तळटीप उचलतात. स्वतःचे वाक्य रचण्याचे कष्ट त्यांनी आजवर घेतलेले नाहीत. गद्यलेखकास याहून मोठी राजमान्यता ती कोणती?

दुपारी यूलाली सेंट-रोझकडे जेवलो. ही माझी शाळासोबतीण. मंत्रालयासमोर हिची खाणावळ. मी वाक्य ऐकवू लागताच म्हणाली, “अरे इग्नेशियस, बस आधी. तुझी वाक्यं थंड होत नाहीत, मासा होतो.” खारा मासा व उकडलेली हिरवी केळी. उत्तम.

तिचा एकुलता एक लूशियस चार वर्षांपूर्वी नीरफणसाच्या झाडावरून पडला, खांद्याचे हाड मोडून घेतले व बरा होताच उत्तरेकडील एका थंड देशात निघून गेला. (देशाचे नाव राजशिष्टाचारास्तव मी दैनंदिनीतही घेत नाही.) आश्रय मिळावा म्हणून तेथे त्याने केलेल्या अर्जाचा निकाल लवकरच लागायचा आहे. फेटाळला गेला, तर त्यास विमानात बसवून इथे आणून सोडतील.

“आणून सोडले तर बिघडले काय?” मी म्हणालो. “इथले हवामान कितीतरी चांगले.”

यूलालीने माझ्याकडे बराच वेळ पाहिले व आणखी एक केळे वाढले. तिला पटले असावे.

९ मे, शुक्रवार

यूलाली गल्ल्यामागे बसून सणाच्या मद्रासी चौकडीचा पिवळा-तांबडा झगा शिवीत होती. लूशियसच्या पत्त्यावर पाठवायचा आहे म्हणे.

“कुणासाठी?”

“घालणाऱ्यासाठी.”

झग्याचे खांदे बरेच रुंद होते. मी तर्कशास्त्राचा आश्रय घेतला: लूशियसने लग्न ठरवले आहे व वधू सुदृढ आहे. तसे बोलून अभिनंदन केले. यूलाली इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आले, आणि पाणी आल्यावर हसू थांबले तरी पाणी थांबले नाही. मुलाच्या लग्नाचा विषय निघाला की मातांचे असे होते.

१४ मे, बुधवार

आज आमचे बेट जगाच्या केंद्रस्थानी होते. साधारण साडेदहा ते चार.

सकाळी एका बलाढ्य राष्ट्राचे राजदूत आले. त्यांच्या सरकारला यंदा ठराव तळटिपांविना हवा आहे. सेंट ओरेलने पुढाकार घेतल्यास आमच्या इस्पितळास मूत्रपिंडाचे यंत्र मिळण्याची शक्यता त्यांना ‘क्षितिजावर दिसते’. दुपारी दुसऱ्याच खंडातून आलेले एका धर्मसंघटनेचे तीन गृहस्थ आले. त्यांना तळटीप अधिक लांब व अधिक कडक हवी आहे. तसे झाल्यास नव्या शाळेचे छप्पर त्यांच्या क्षितिजावर दिसते. आमची लोकसंख्या लाखाच्या आत. परंतु महासभेत मत एक, आणि महासत्तेचेही एकच. दोन्ही पक्षांनी जाताना बिस्किटांची टोपली ठेवली. दोन्ही टोपल्या एकाच दुकानातल्या निघाल्या.

कुतूहल म्हणून मी दोघांनाही विचारले की, या ठरावात ज्यांचा उल्लेख आहे, त्यांपैकी कोणी आपल्या ओळखीचे आहे काय.

“देव न करो,” धर्मसंघटनेचे गृहस्थ म्हणाले.

“आमच्याकडे त्यांची फार मोठी मिरवणूक निघते,” राजदूत म्हणाले. “मी गच्चीतून हात हलवतो.”

मंत्रीबाई पर्पेच्युआ शार्लमेन यांनी दोन्ही टोपल्या मांजरापासून दूर, कपाटावर ठेवल्या. म्हणाल्या, “हिपोलीत, तळटीप राहणार. निवडणूक तोंडावर आहे. तळटीप गेली तर पुढच्या रविवारी बेटावरच्या प्रत्येक चर्चमध्ये प्रवचनाचा विषय मी असेन. राहील एवढं बघा. आत काय लिहायचं ते तुमचं तुम्ही.”

२० मे, मंगळवार

यूलालीकडे आज विलक्षण आदरातिथ्य. “या साहेब. काय वाढू आपल्याला?” शाळेत माझी टोपी विहिरीत टाकणाऱ्या व्यक्तीकडून ‘आपल्याला’! महासभेचे वृत्तपत्रात छापून आल्याचा हा परिणाम असावा. मासा मात्र केळ्याखाली शोधावा लागला. भाव कडाडले असतील.

२३ मे, शुक्रवार

मासा नाही. केळी दोन, त्यांतले एक काळे.

“लूशियसचा अर्ज फेटाळला, साहेब,” यूलाली म्हणाली.

मी मनापासून हळहळलो. कारण काय दिले, ते विचारले.

“कारण छान भाषेत दिलंय.”

मला व्यावसायिक औत्सुक्य वाटले. पाहावयास मिळेल काय, असे विचारले.

“तुम्हांला कशाला दाखवायचं? तुम्हांला पाठच असेल.”

या उद्गाराचा अन्वय लागला नाही. दुःखात माणसे असंबद्ध बोलतात.

२८ मे, बुधवार

हे लिहिणे आवश्यक आहे. लिहावेसे वाटत नाही.

दुपारी गिऱ्हाईक उठून गेल्यावर यूलालीने दार अर्धे लोटले व मला म्हणाली, “बसा साहेब. एक वाक्य म्हणून दाखवते. चुकलं तर सांगा.” आणि ओल्या फडक्याने टेबल पुसता पुसता तिने ‘समस्त नागरिकांच्या निर्बाध, निरामय व निर्भय सहजीवना’पासून ‘अनावश्यक होत’पर्यंत माझी तळटीप अस्खलित म्हटली.

मी मूर्खासारखा म्हणालो, “‘निरामय’नंतर किंचित थांबावे लागते. पण हे तुला कोठे—”

“तिकडच्या वकीलबाईंनी फोनवर वाचून दाखवलं. तिथल्या साहेबांनी निकालात घातलंय. म्हणे, यांच्या सरकारनेच साऱ्या जगासमोर लिहून दिलंय की इथे कुणाला काही त्रास नाही. मग ही पोरगी घाबरते कशाला? पाठवा परत. वकीलबाईंनी दोन शब्द वाचले आणि मी ओळखलं. या बेटावर असं बोलणारा एकच माणूस आहे, आणि तो रोज माझ्या टेबलावर जेवतो.”

“पोरगी?” मी म्हणालो.

“लूशिएन. माझी मुलगी. मुलगा म्हणून जन्माला आली, लूशियस नाव ठेवलं, आणि सोळाव्या वर्षी मला म्हणाली, मम्मा, हे नाव माझं नाही. तो झगा तिचाच होता. खांदे रुंद आहेत म्हणालास ना? त्यातल्या एकात सळई आहे.”

“झाडावरून पडल्यामुळे—”

“झाडावर चढलं होतं कोण? बाजाराच्या वळणावर पाच जणांनी मारलं तिला. झग्यातच होती. चौकीवर नेली तर हवालदार म्हणाला, तक्रार घेतो, पण कलमाप्रमाणे आधी हिलाच आत टाकतो. मी झाडाचं नाव सांगितलं, कारण झाडाला कोणी काही विचारत नाही. तूसुद्धा विचारलं नाहीस, इग्नेशियस. तिचं बारसं जेवलेला तू. नीरफणसाच्या झाडावरून पडून पाठीवर बुटाचे वळ कसे उठतात, हे तुला विचारावंसं वाटलं नाही.”

अपिलाची सुनावणी ऑगस्टमध्ये आहे. तेथे हरल्यास पुढे दार नाही.

मी काहीतरी बोललो. सदर वाक्य केवळ ठरावाच्या संदर्भात असून, त्याचा तृतीय पक्षाकडून विनियोग होईल हे लेखकास अभिप्रेत नव्हते, अशा आशयाचे. मी बोलत असतानाच ती आत जाऊन भांडी घासू लागली. मी वाक्य पूर्ण केले. ते दीर्घ होते.

३ जून, मंगळवार

तळटीप नव्याने रचावयास घेतली. कधी नव्हे ते जमेना.

प्रथम लिहिले: ‘क्वचित् अप्रिय प्रसंग संभवत नाहीत असे म्हणणे धाडसाचे ठरेल.’ मग त्या थंड देशातील अधिकाऱ्याच्या खुर्चीत मनाने बसून ते वाचले. त्याने लूशिएनला परत पाठवले आणि माझ्या संयमाची प्रशंसा केली. ‘काही सामाजिक आव्हाने विद्यमान आहेत’ हे वाचूनही त्याने तिला परत पाठवले. ‘विकसनशील मानसिकता’ वाचून तर त्याने तिची बॅगही स्वतः उचलली. मी आयुष्यभर जे शब्द जमवले, त्यांतला प्रत्येक शब्द त्या पोरीला विमानात बसवीत होता.

तळटीप काढूनच टाकावी, तर मंत्रीबाई मंत्री राहणार नाहीत, आणि गेल्या वर्षीचे वाक्य तसेच उभे राहील. त्यास खोडणारे कोणी नसेल. तळटीप हवीच. ठरावास नकारही हवा. मात्र नकाराचे कारण खरे द्यावे, यास कोणत्याही नियमाची आडकाठी नाही. नियमावली दोनदा चाळली. खरे बोलण्याविषयी तीत काहीच तरतूद नाही. तो प्रसंग कोणी कल्पिलेला नसावा.

शेवटी उतरले ते असे:

‘सेंट ओरेलमध्ये अशा माणसांना आजही कायद्याने तुरुंगात टाकता येते. त्यांना रस्त्यात मारतात. पोलीस त्यांची तक्रार घेत नाहीत. आम्ही हे अजून बदललेले नाही, म्हणून या ठरावाला आज होकार देऊ शकत नाही.’

वाचून लाज वाटली. प्रथम भाषेची, नंतर उरलेल्याची.

४ जून, बुधवार

मंत्रीबाईंनी कागद तीनदा वाचला.

“हिपोलीत, ताप आहे का तुम्हांला? यात एकही तस्मात् नाही.”

“प्रकृती ठीक आहे, बाईसाहेब.”

“चर्चवाल्यांना काय सांगू?”

“आपला कायदा कडक आहे, आणि आपण ठरावाला नाही म्हणालो.”

“खरंच आहे की ते.” त्या खिडकीपाशी गेल्या. खिडकीतून समोरची खाणावळच दिसते. “आणि उत्तरेकडे कुणी वाचलं तर?”

“त्यांनाही हेच सांगावे.”

त्या टेबलाशी परत आल्या. मग सही केली व म्हणाल्या, “यूलालीकडे आज काय आहे?”

“कल्पना नाही. आठवडाभर मी घरून डबा आणतो.”

“मला ठाऊक आहे. तिच्या पोरीला मी पहिलीत शिकवलंय. अक्षर फार सुरेख होतं.”

राजकारणात पडण्यापूर्वी बाई शिक्षिका होत्या, हे खरे. कामकाज चालू असता मधेच त्यांना जुन्या वर्गाची आठवण का व्हावी, न कळे. आणि ‘पोरगा’ऐवजी ‘पोरगी’ म्हणाल्या. वयोमानाने होते असे.

नंतर सुचले की, नसेलही वयोमान.

२६ जून, गुरुवार. महासभेचे यजमान शहर

सभागृह थंडगार, कॉफी कडू, भाषणे नित्याप्रमाणे. दुपारी तो ठराव आला.

येथील रीत अशी की, तळटीप प्रतिनिधीमंडळाच्या प्रमुखाने उभे राहून वाचावी लागते. वाचली तरच छापली जाते. ज्या देशांना त्याच तळटिपेत सामील व्हायचे असेल, त्यांनी वाचन संपण्यापूर्वी आपला नामफलक उभा करून ठेवावा. अध्यक्ष फलक मोजतात, नावे घेतात, हातोडा वाजवतात. हातोडा वाजला की लिहिलेले पुसत नाही.

मंत्रीबाई उठल्या. “सेंट ओरेलची तळटीप,” एवढेच त्या म्हणाल्या, आणि आमच्या तिन्ही शेजाऱ्यांचे फलक सवयीने उभे राहिले. एक प्रतिनिधी दूरध्वनीवर नातवाशी बोलत होते. त्यांनी मान वर न करता कोपराने फलक उभा केला. दुसरे सँडविच खात होते. तिसऱ्या बाई माझ्याकडे पाहून स्नेहाने हसल्या, दरवर्षी हसतात. पुढे काय येणार, हे त्यांना इतकी वर्षे ऐकून पाठ होते.

मंत्रीबाईंनी वाचले. शिक्षिकेच्या आवाजात, सावकाश, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असे. ‘त्यांना रस्त्यात मारतात’ येथे दुभाष्यांच्या काचेमागे क्षणभर सारे थांबले. एका दुभाष्याने कागद उलटून पाहिला. सँडविच हातातच राहिले.

“सेंट ओरेल, आणि फलक उभे केलेले तीन देश,” अध्यक्ष म्हणाले. “आणखी कुणी?”

सँडविचवाले प्रतिनिधी अर्धवट उठले. त्यांनी तोंड उघडले. माघार घ्यायची तर उभे राहून कारण सांगावे लागते. ‘आमच्याकडे मारत नाहीत’ असे साऱ्या गोलार्धासमोर म्हणायला हवे होते, आणि त्यांच्या मागे याच ठरावासाठी त्यांच्याच देशातून आलेल्या, गळ्यात निरीक्षकांचे बिल्ले घातलेल्या दोन मुली बसल्या होत्या. त्यांनी मागे वळून पाहिले. मुलींनीही त्यांच्याकडे पाहिले. ते खाली बसले.

हातोडा वाजला.

बलाढ्य राष्ट्राचे राजदूत मधल्या वाटेत मला म्हणाले, “तुम्ही तर तळटीप काढणार होतात!” धर्मसंघटनेचे गृहस्थ दुसऱ्या बाजूने आले. “नकार राहिला, छान झालं, पण इतकं उघड कशाला लिहायचं?” मूत्रपिंडाचे यंत्र व शाळेचे छप्पर, दोन्ही क्षितिजे एकाच वेळी मावळली. मंत्रीबाईंनी दोघांनाही सांगितले की, शब्दयोजना हिपोलीत पाहतात. मी दोघांनाही नमस्कार केला.

३० जून, सोमवार

छापील ठरावाची प्रत यूलालीपुढे टेबलावर ठेवली व बोट तळाशी नेले. तिने वाचले. ओठ हलत होते. मग प्रत घडी करून एप्रनच्या खिशात ठेवली.

“हे तू लिहिलंस?”

“हो.”

“वाटत नाही.”

माझ्या लेखनास मिळालेला हा सर्वोत्तम अभिप्राय आहे, असे क्षणभर वाटले. मग वाटले, अभिप्राय नसावा. तिने प्रत वकीलबाईंकडे पाठवली.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

अपील मंजूर. लूशिएनला तेथे राहू देणार.

फोन आला तेव्हा मी खाणावळीत होतो. यूलाली ओरडली, तशी रस्त्यावरचा टॅक्सीवाला आत धावत आला. त्याला वाटले आग लागली. तिने त्याला मिठी मारली, मग मला, मग फोन माझ्या कानाला लावला.

“कोण, निर्भय अंकल का?” पलीकडून आवाज आला. भारदस्त, खोडकर आवाज. “निकालात लिहिलंय, चार सरकारांनी स्वतः कबूल केलंय. चार! मम्मा म्हणते बाकीच्या तिघांनी वाचलंच नाही.”

“वाचन हा मुत्सद्देगिरीचा अनिवार्य भाग नाही,” मी म्हणालो.

ती मोकळेपणी हसली. मग म्हणाली, “अंकल, तुम्ही आधीचं वाक्य लिहिलंत, तेव्हा मला ओळखत होता ना?”

“होतो.”

“बरं,” ती म्हणाली. “मम्माला द्या.”

मी फोन दिला. क्षमा मागण्याजोगे वाक्य माझ्यापाशी तयार होते. त्यात पाच समास होते.

टॅक्सीवाला रम आणायला गेला. यूलाली बाकावर बसली. मी म्हणालो, जिंकलो.

“हो रे, जिंकलो.” तिने डोळे पुसले. “तिला आता कोणी इथे आणून सोडणार नाही. आणि तिला इथे येताही येणार नाही. आली तर म्हणतील, बघा, आपणच गेली, म्हणजे भीती नव्हतीच. मी इथे म्हातारी होईन. माझ्या मयताला ती फोनवर असेल.”

मी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

“ते वाक्य तू खरं लिहिलंस. चांगलं केलंस. आता ते खोटं पाड.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय? ‘आजही तुरुंगात टाकता येते’ म्हणून तूच लिहिलंयस ना? टाकता येणार नाही असं कर. मग ती येईल.”

२५ ऑगस्ट, सोमवार

सकाळीच विधी सचिव बर्ट्रांड मोंप्लेझीर यांच्याकडे गेलो. गोऱ्या अंमलात लिहिलेले ते तुरुंगाचे कलम, व ते रद्द करावयाची रीत, मागितली.

बर्ट्रांड माझ्याहून दहा वर्षांनी ज्येष्ठ, निवृत्तीस टेकलेले, आणि कोणाचेही काम न अडवता ते कधीच पूर्ण न करण्याबद्दल विख्यात. त्यांनी चष्मा कपाळावर नेला.

“तुला कशाला हवंय ते?”

“मी एक वाक्य लिहिले आहे. ते खोटे ठरवायचे आहे.”

“तुझी सगळीच खोटी असतात की रे. त्यात नवीन काय?”

“हे खरे आहे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. ती तळटीप त्यांनी वाचली असावी. बेटावर आता सगळ्यांनीच वाचली आहे. उठून त्यांनी दार लावून घेतले.

“मंत्रिमंडळ आहे, चर्च आहेत, निवडणूक आहे,” ते म्हणाले. “वर्षं जातील, हिपोलीत.”

“यूलाली साठीच्या आत आहे,” मी म्हणालो.

याचा विधीशी संबंध काय, असे त्यांनी विचारले नाही. दुसरी खुर्ची माझ्याकडे सरकवली, कपाटातून जाडजूड दंडसंहिता काढली व पाने उलटू लागले. मी कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावला.